शेणानं सारवलेल्या कोर्टवरची मुलगी

संध्याकाळची कामं आटोपली असतील, नाहीतर भाकऱ्या थापता थापताच ऐकत असाल. तसं ऐकलं तरी चालेल. गेल्या वेळी आपण गटाच्या अंतर्गत कर्जाबद्दल बोललो होतो. आजचा विषय एकदम निराळा आहे. आज मी टेनिसबद्दल बोलणार आहे.

हसू नका, कारण सांगते. महिन्याभरापूर्वी एका गावात गटाची बैठक होती. हप्ते गोळा झाले, सह्या-अंगठे झाले आणि गटातल्या एका ताईनं विषय काढला. तिची मुलगी नववीला आहे. कबड्डीत तालुक्याला चमकली, आता जिल्ह्याला निवड झाली. बूट आणि प्रवास यासाठी ताईला गटातून दोन हजार रुपये हवे होते. कर्जाला कुणाची ना नव्हती, पण बोलणं भलतीकडेच गेलं. एक मावशी म्हणाल्या, "आत्ता खेळेल गं, पण पुढं काय?" दुसरी म्हणाली, "बारावी झाली की लग्नाचं बघायचंच आहे. खेळून कुणाचं पोट भरलंय?" पैसे मंजूर झाले. पण मावशींचा तो प्रश्न माझ्या डोक्यात राहिला, कारण प्रश्न खोटा नाही. लहानपणी बक्षिसं आणणाऱ्या पोरी पुढं कुठं जातात? पेपरात एकदा फोटो येतो आणि मग काहीच ऐकू येत नाही.

म्हणून आज एका मुलीची अख्खी गोष्ट सांगते, सहाव्या वर्षापासून छत्तिसाव्या वर्षापर्यंतची. सानिया मिर्झा. नाव तुम्ही ऐकलंय, फोटो पाहिलाय. तिचं लग्न कुणाशी झालं आणि ते कसं मोडलं, हेही बहुतेकींना ठाऊक आहे. तिनं काय खेळ केला हे मात्र विचारलं, तर दहापैकी आठ जणी गप्प बसतात. म्हणून लग्नाचं मी आज बोलणार नाही. खेळाचंच बोलणार.

आधी खेळ समजून घेऊ. मधे जाळी, दोन्ही बाजूंना खेळाडू, हातात रॅकेट. चेंडू आपल्या अंगणात एकदाच टप्पा घेऊ शकतो, त्याच्या आत तो पलीकडं परतवायचा. एकीविरुद्ध एक खेळली की ती एकेरी. दोघी-दोघी खेळल्या की दुहेरी. एक बाई आणि एक पुरुष अशी जोडी असली की मिश्र दुहेरी. जगात चार स्पर्धा सगळ्यांत मोठ्या. जानेवारीत ऑस्ट्रेलियात मेलबर्नला, मे-जूनमध्ये पॅरिसला, मग लंडनला विम्बल्डन आणि शेवटी अमेरिकेत न्यूयॉर्कला. या चारींना ग्रँड स्लॅम म्हणतात. एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

सानियाचा जन्म १५ नोव्हेंबर १९८६ चा, आपल्या मुंबईतला. पण वाढली ती हैदराबादला. वडील इम्रान मिर्झा, आई नसीमा, धाकटी बहीण अनम. सहा वर्षांची असताना आई तिला घेऊन तिथल्या निजाम क्लबच्या टेनिस कोर्टवर गेली. प्रशिक्षकांना वाटलं, पोर फार लहान आहे, हिला कसं शिकवायचं? तेव्हा आपण आईबरोबर जाऊन भांडून प्रवेश मिळवला, असं सानियानं निवृत्तीच्या वेळी लिहिलेल्या पत्रात सांगितलंय. तिच्या तीस वर्षांच्या खेळाची सुरुवात ही अशी झाली.

आणि ते कोर्ट कसलं होतं? शेणानं सारवलेलं. आपण शेणाच्या कोर्टवर खेळायला शिकलो हे तिनं स्वतः अनेकदा सांगितलंय. त्या काळी आपल्या देशात अशी कोर्टं पुष्कळ होती. माती चोपून घट्ट करायची, वर शेण सारवायचं, म्हणजे धूळ उडत नाही आणि चेंडूला टप्पा बरा मिळतो. हे मला नव्यानं कळलं तेव्हा फार गंमत वाटली. अंगण सारवण्यात आपला हात कुणी धरणार नाही, आणि विम्बल्डन जिंकणारी पोर अशाच जमिनीवर पळायला शिकली.

वडील पुढं तिचे प्रशिक्षकच झाले आणि आई स्पर्धांसाठी बरोबर फिरू लागली. नव्वदच्या दशकात भारतात मुलीनं टेनिसला आयुष्य द्यावं असा विचारही कुणी करत नव्हतं. क्रिकेट होतं, तेही मुलांचं. काळी पडेल, मग लग्न कसं होईल, असं नातेवाईक बोलत. हेही तिनंच सांगितलंय. हे वाक्य कुठंतरी ऐकल्यासारखं वाटतंय ना?

आता ज्युनिअर म्हणजे काय ते सांगते. अठरा वर्षांपर्यंतच्या मुलामुलींच्या जगभर वेगळ्या स्पर्धा असतात. विम्बल्डनमध्येही मोठ्यांच्या स्पर्धेबरोबर मुलींची स्पर्धा होते. जिंकलात तर चषक मिळतो, नाव होतं, पण बक्षिसाची रक्कम नसते. २००३ साली सानिया तिथं मुलींच्या दुहेरीत खेळली. तिची जोडीदारीण होती रशियाची अलिसा क्लेबानोवा. सानिया सोळा वर्षांची, अलिसा तर अवघी तेरा वर्षांची. दोघींनी ती स्पर्धा जिंकली. त्याच्या आदल्या वर्षी बुसानच्या आशियाई स्पर्धेत सानियानं लिएंडर पेसबरोबर मिश्र दुहेरीचं कांस्यपदकही आणलं होतं.

इथपर्यंत आलेल्या मुली जगात बऱ्याच असतात, मैत्रिणींनो. दर वर्षी या चार ठिकाणी मुलींमधून चार विजेत्या निघतात आणि त्यांतल्या कितीतरींची नावं पाच वर्षांनी कुणाला आठवत नाहीत. पायाला दुखापत होते, पैसा संपतो, घरचे थकतात. त्या अलिसाचंच बघा. ती पुढं एकेरीत जगातल्या पहिल्या वीस जणींत पोचली आणि २०११ साली तिला कर्करोग झाल्याचं कळलं. उपचार घेऊन ती परत येऊन खेळलीही.

पैशाचं थोडं बोलते, कारण ते आपल्याला लगेच कळेल. टेनिसपटूला पगार नसतो. विमानाचं तिकीट, राहणं, खाणं, प्रशिक्षक, अंग चोळून देणारा माणूस, सगळा खर्च स्वतःचा. दर आठवड्याला नवं गाव, नवी स्पर्धा. जिंकलं तर बक्षीस. पहिल्याच फेरीत हरलं तर बऱ्याचदा खर्चही निघत नाही. आपण आठवडी बाजाराला भाजी घेऊन जातो ना, अगदी तसं. माल खपला तर पैसे, नाहीतर टेम्पोचं भाडं अंगावर. सानियाला पुढं एका उद्योगसमूहाचा आधार मिळाला म्हणून निभावलं, पण सुरुवातीची वर्षं घरानंच ओढली.

आणि क्रमवारीचं गणित तर आणखी कडक. गेल्या बावन्न आठवड्यांत मिळवलेले गुणच धरतात. आपली बचत पासबुकात साठत जाते. इथं तसं नाही. गेल्या जानेवारीत मिळालेले गुण या जानेवारीत गळून पडतात, ते पुन्हा कमवायचे. म्हणजे आजारपण आलं, हात दुखावला, घरी बसलात, की नाव खाली सरकायला लागतं. हे पुढं उपयोगी पडेल, ध्यानात ठेवा.

मोठ्यांच्या खेळात ती आली ती २००५ साली, आणि आली ती धडाक्यानं. जानेवारीत मेलबर्नला दोन सामने जिंकून ती तिसऱ्या फेरीत गेली. तोवर एकही भारतीय बाई ग्रँड स्लॅमच्या एकेरीत एवढी पुढं गेली नव्हती. तिसऱ्या फेरीत समोर कोण, तर सेरेना विल्यम्स. अठरा वर्षांची सानिया हरली, पण दुसऱ्या सेटमध्ये तिनं चार गेम घेतले आणि देशभर लोक टीव्हीपुढं बसले होते. पुढच्याच महिन्यात हैदराबादला, आपल्या गावच्या लोकांसमोर, तिनं युक्रेनच्या अलोना बोंदारेन्कोला तीन सेटमध्ये हरवून स्पर्धा जिंकली. त्या दर्जाची एकेरीची स्पर्धा जिंकणारी ती पहिली भारतीय बाई. मार्चमध्ये दुबईला तिनं अमेरिकन स्पर्धेच्या विजेतीला, स्वेतलाना कुझनेत्सोवाला हरवलं. सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्कला चौथी फेरी. वर्षाच्या सुरुवातीला ती क्रमवारीत शंभराच्या बरीच बाहेर होती, वर्ष संपताना जगात एकतिसावी. २००७ च्या ऑगस्टमध्ये सत्ताविसावी झाली. ती तिची एकेरीतली सगळ्यांत वरची जागा.

आणि लोक काय बोलत होते? तिच्या स्कर्टबद्दल. २००५ मध्येच काही धर्मगुरूंनी तिच्या खेळायच्या कपड्यांवर आक्षेप घेतला. कोलकात्याच्या स्पर्धेत तिच्याभोवती पोलीस बंदोबस्त ठेवावा लागला. अठरा-एकोणीस वर्षांची पोर, सकाळी सहा तास सराव करायचा की दारातल्या पोलिसांकडं बघायचं? वर एखादा सामना हरली की तेच लोक म्हणायचे, हिचं लक्ष जाहिरातींत आहे. २००८ साली तर तिनं बंगळुरूच्या स्पर्धेत खेळायचंच नाकारलं. भारतात खेळलं की काहीतरी वाद उभा राहतो, त्यापेक्षा नकोच, असं म्हणाली. टीका झाली. मला विचाराल तर ती टीका अन्यायाची होती.

आता तिच्या आयुष्यातला वाईट काळ सांगते. २००८. उजव्या मनगटाचं दुखणं इतकं वाढलं की शस्त्रक्रिया करावी लागली. केसांतून कंगवा फिरवता येत नव्हता, असं तिनं सांगितलंय. उजव्या हाताच्या फटक्यावर जिची अख्खी ताकद, तिला वेणी घालता येईना. ऑगस्टमध्ये बीजिंगच्या ऑलिंपिकला ती तशीच उतरली. पहिलाच सामना, हात चालेना, अर्ध्यातून सोडावा लागला. घरी आली आणि खचली. आपण काही महिने नैराश्यात होतो, खोलीतून बाहेर पडावंसं वाटत नव्हतं, हे तिनं पुढं उघडपणे सांगितलं. खेळाडूनं असं बोलणं त्या काळात आपल्याकडं फार कमी होतं. आपल्यातही ज्या बाया "जीव लागत नाही" म्हणून गप्प पडून राहतात, त्यांना आपण आळशी म्हणतो. निदान विचारपूस तरी करावी.

पण पाचच महिन्यांनी, जानेवारी २००९ मध्ये, महेश भूपतीबरोबर तिनं मेलबर्नला मिश्र दुहेरी जिंकली. आदल्या वर्षी तिथंच दोघं अंतिम सामन्यात हरले होते. ग्रँड स्लॅमचा मोठ्यांचा चषक उचलणारी ती पहिली भारतीय बाई. २०१२ मध्ये दोघांनी पॅरिसही जिंकलं.

त्याच २०१२ साली लंडन ऑलिंपिक होतं आणि त्याआधी पुरुष खेळाडूंची भांडणं लागली. पेसबरोबर कुणी खेळायचं, यावरून. भूपती तयार नाही, बोपण्णा तयार नाही. मग संघटनेनं मार्ग काढला, की मिश्र दुहेरीत सानियानं पेसबरोबर खेळायचं. म्हणजे तो खूश. ज्याच्याबरोबर तिनं नुकतंच पॅरिस जिंकलं होतं, त्याच्यापासून तिला तोडलं, आणि तिला विचारलं कुणी? तिनं एक जाहीर पत्र काढलं. त्यात तिनं स्पष्ट म्हटलं की एका नाराज पुरुषाची समजूत काढायला मला आमिष म्हणून वापरलं गेलं, आणि बाई म्हणून हा माझा अपमान आहे. देशासाठी मी खेळेन, पण हे बोलल्याशिवाय राहणार नाही. आणि ती खेळली. पेससारख्या खेळाडूबद्दल राग धरायचं मला कारण नाही, तो मोठाच आहे. पण ते पत्र मी आमच्या ग्रामसंघाच्या बैठकीत वाचून दाखवलं होतं, मराठीत सांगून. तेव्हा एक वहिनी पटकन म्हणाल्या, "म्हणजे भावाभावांच्या वाटणीत सून मधे धरतात, तसं." याहून चांगला अर्थ मलाही सांगता आला नसता.

मधल्या काळात मनगटाबरोबर दोन्ही गुडघ्यांवरही शस्त्रक्रिया झाल्या. एकेरीत सगळं कोर्ट एकटीनं पळायचं, रोज, तास-दोन तास. शरीर नाही म्हणत होतं. तेव्हा तिनं ठरवलं, एकेरी सोडायची, फक्त दुहेरी खेळायची. २०१३ मध्ये तिनं एकेरी कायमची बंद केली. तोवर ती भारतातली पहिल्या क्रमांकाची एकेरी खेळाडू होती, हे विसरू नका. लोक म्हणाले, संपली. दुहेरी म्हणजे दुय्यम, असं टेनिसमध्येही समजतात. पैसा कमी, टीव्हीवर कमी दाखवतात.

मला तिच्या आयुष्यातला हा निर्णय सगळ्यांत शहाणपणाचा वाटतो. आपल्याकडं काय होतं, एखादीचं पापडाचं काम चाललं नाही, कंबर दुखायला लागली, की ती सगळंच सोडून घरी बसते. आणि सगळे म्हणतात, "बघ, म्हटलं नव्हतं?" सानियानं आपल्याकडं काय उरलंय ते मोजलं. पाय थकलेत, पण फोरहँड अजून जगात जोरदार आहे. मग तो फटका जिथं जास्त कामी येईल तिथं ती गेली. दुहेरीत अर्धं कोर्ट सांभाळायचं असतं, पण डोकं दुप्पट चालवावं लागतं. जोडीदारीण कुठं उभी आहे, पुढचा चेंडू कोण घेणार, हे आधी ठरवतात. जाळीजवळची पाठीमागं हात नेऊन बोटांनी खूण करते. प्रत्येक गुणानंतर दोघी जवळ येऊन दोन शब्द बोलतात. चूक झाली तरी हातावर टाळी देतात. ते बघायला मला फार आवडतं.

मग २०१५ उजाडलं आणि तिची जोडी जमली मार्टिना हिंगिसशी. ही हिंगिस म्हणजे स्वित्झर्लंडची. बाराव्या वर्षी तिनं पॅरिसला मुलींची स्पर्धा जिंकली होती आणि सोळाव्या वर्षी ती मोठ्यांत जगात पहिली. घोट्याच्या दुखण्यानं बावीसाव्या वर्षी खेळ सोडला, परत आली, पुन्हा थांबली, पुन्हा आली. म्हणजे दोघीही ठेचा खाऊन उठलेल्या. सानियाचा मागून जोरदार फटका आणि हिंगिसचा जाळीजवळ नाजूक हात. मार्चमध्ये एकत्र आल्या आणि ओळीनं तीन स्पर्धा जिंकल्या. १३ एप्रिल २०१५ ला सानिया दुहेरीत जगात पहिली झाली. एकेरीत सत्ताविसावी, दुहेरीत पहिली.

त्या वर्षीचा विम्बल्डनचा अंतिम सामना सांगितल्याशिवाय राहवत नाही. समोर रशियाच्या मकारोवा आणि वेस्निना. पहिला सेट या दोघींनी ५-७ असा घालवला. दुसरा कसाबसा ७-६ घेतला. तिसऱ्यात २-५ मागं. म्हणजे पलीकडच्या दोघींना एकच गेम हवा, की सामना खलास. तिथून या दोघींनी एकेक गेम ओढून आणला. ३-५, ४-५, ५-५. अंधार पडायला लागला होता. खेळ थांबवून मैदानावरचं छप्पर ओढून घेतलं, दिवे लावले. परत आल्या आणि ७-५ असा सामना जिंकला. बारा वर्षांपूर्वी तिथंच ती मुलींमध्ये जिंकली होती, आता मोठ्यांमध्ये. त्यानंतर न्यूयॉर्क, त्यानंतर २०१६ च्या जानेवारीत मेलबर्न. मधे सलग ४१ सामने दोघी हरल्या नाहीत.

पुढं निकाल मनासारखे येईनात तेव्हा २०१६ च्या ऑगस्टमध्ये दोघी वेगळ्या झाल्या. आणि बघा, लगेचच्या सिनसिनाटीच्या स्पर्धेत अंतिम सामन्यात दोघी समोरासमोर. सानिया बार्बोरा स्ट्रिकोवाबरोबर, हिंगिस दुसरीबरोबर. सानिया जिंकली. त्याच वर्षाच्या अखेरच्या स्पर्धेत मात्र त्या दोघी परत एकत्र खेळल्या. आपल्याकडं गट फुटला की बाया एकमेकींच्या दारावरून जायच्या बंद होतात.

ती पहिल्या क्रमांकावर होती एकूण ९१ आठवडे. त्याच काळात तिचं आत्मचरित्र निघालं, तेव्हा मुलाखतीत एका मोठ्या पत्रकारानं तिला विचारलं, सेटल कधी होणार? मूल, संसार, याबद्दल पुस्तकात काही नाही. जगात पहिल्या क्रमांकावर असलेल्या बाईला! ती शांतपणे म्हणाली, मी सेटल नाही असं तुम्हाला वाटतं का? विम्बल्डन जिंकलं, जगात पहिली झाले, तरी बाई आई झाल्याशिवाय स्थिर होत नाही, असंच सगळ्यांना वाटतं. पत्रकारानं तिथंच चूक कबूल केली, हा त्याचा मोठेपणा.

आई ती झाली, पण तिला हवं तेव्हा. गुडघा दुखत होता म्हणून २०१७ च्या ऑक्टोबरनंतर ती थांबली होती. ३० ऑक्टोबर २०१८ ला मुलगा झाला, इझहान. वजन ८९ किलोवर गेलं होतं. तिनं ते लपवलं नाही. आधीचा आणि नंतरचा फोटो आकड्यासकट लोकांना दाखवला. २६ किलो कमी केलं आणि जानेवारी २०२० मध्ये होबार्टला नादिया किचेनोकबरोबर खेळायला उतरली. दोन वर्षांहून जास्त खंड, आणि मघाशी म्हटलं तसं क्रमवारीतले गुण सगळे गळून गेलेले. ती स्पर्धा तिनं जिंकली. मार्चमध्ये दुबईला देशासाठी खेळताना तिचा एक फोटो निघाला, एका हातात रॅकेट, दुसऱ्या कडेवर दीड वर्षाचं पोर. आपण कडेवर मूल घेऊन खुरपायला जातो, तसाच. तो संघ पहिल्यांदाच पुढच्या टप्प्यात गेला. त्याबद्दल मिळालेल्या पुरस्काराचे दोन हजार डॉलर तिनं करोनाच्या मदतीसाठी तेलंगणाच्या मुख्यमंत्री निधीला दिले. हे सगळं तिला जमलं, कारण तिची आई नातवाला सांभाळायला बरोबर फिरत होती, हेही सांगायला हवं. बाईच्या मागं दुसरी बाई उभी राहिल्याशिवाय हे होत नाही. बापेही उभे राहिले तर आणखी बरं.

सगळंच मिळालं असं नाही. चार ऑलिंपिक खेळली. पण पदक नाही. २०१६ ला रिओत बोपण्णाबरोबर कांस्यपदकाच्या सामन्यापर्यंत गेली आणि हरली.

त्याच रिओत महिला दुहेरीत तिच्याबरोबर कोण होतं, माहीत आहे? आपल्या बार्शीची प्रार्थना ठोंबरे. सोलापूर जिल्ह्यातली बार्शी. सानियानं २०१३ मध्ये हैदराबादजवळ अकादमी सुरू केली, प्रार्थनानं तिथं सराव केला. २०१४ च्या इंचॉन आशियाई स्पर्धेत दोघींनी कांस्यपदक आणलं. सानियाला तेव्हा परदेशातल्या स्पर्धा खेळून गुण मिळवता आले असते, पण ती देशासाठी गेली आणि बार्शीच्या पोरीला शेजारी घेऊन खेळली. रिओत दोघी पहिल्याच फेरीत हरल्या, पण ज्वारी-तुरीच्या भागातली पोर ऑलिंपिकला गेली.

जाता जाता एक कामाचं सांगते. शाळेच्या स्पर्धांत मुलींना मिळालेली प्रमाणपत्रं लग्नाच्या पत्रिकांच्या पिशवीत टाकू नका, नीट ठेवा. ठराविक पातळीवर खेळलेल्या मुलामुलींना दहावी-बारावीला सवलतीचे गुण मिळतात. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. कुठल्या खेळाला, कुठल्या पातळीला, याचे नियम आहेत. ते शाळेच्या क्रीडाशिक्षकांना किंवा जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात विचारा. चौकशीला दोघी-तिघी मिळून गेलात तर उत्तर नीट मिळतं, हा माझा अनुभव.

तर सानियाचं शेवटचं. २०२२ च्या सुरुवातीला तिनं सांगितलं की शरीराला सावरायला आता जास्त वेळ लागतो, गुडघा दुखतो, लहान लेकराला घेऊन एवढं फिरणं बरोबर वाटत नाही. थांबायचं ठरवलंय. कुणी थांब म्हटलं नव्हतं. जानेवारी २०२३ मध्ये मेलबर्नला ती मिश्र दुहेरीच्या अंतिम सामन्यात पोचली, छत्तिसाव्या वर्षी. जोडीला रोहन बोपण्णा, जो ती चौदा वर्षांची असताना तिचा पहिला मिश्र दुहेरीचा जोडीदार होता. हरले. भाषण करताना तिला रडू आलं. चार वर्षांचा इझहान समोर बसला होता. मुलासमोर ग्रँड स्लॅमचा अंतिम सामना खेळायला मिळेल असं वाटलं नव्हतं, असं ती म्हणाली. फेब्रुवारीत दुबईला शेवटची स्पर्धा खेळली, तिथंही पहिल्याच फेरीत हार. सहा ग्रँड स्लॅम आणि दुहेरीची ४३ विजेतेपदं नावावर असलेल्या बाईचा शेवटचा सामना हरण्याचा होता, आणि त्याचं तिला फारसं वाटलेलं दिसलं नाही. त्याच महिन्यात बंगळुरूच्या महिला क्रिकेट संघानं तिला मार्गदर्शक म्हणून घेतलं. क्रिकेटमधलं मला काय कळतं, असा प्रश्न आधी आपल्यालाच पडला होता, असं ती म्हणाली. पण दडपणाखाली कसं खेळायचं, हे तिला त्या पोरींना सांगायचं होतं.

५ मार्च २०२३ ला हैदराबादच्या लाल बहादूर स्टेडियमवर निरोपाचे सामने झाले. २००५ मध्ये तिनं आपली ती पहिली मोठी स्पर्धा जिंकली, तीच ही जागा. बोपण्णा आला होता, जुने मित्र आले होते, प्रेक्षकांत शाळेच्या पोरी होत्या. आई-वडील, बहीण, मुलगा, सगळे होते. आता ती अकादमीत मुलांना शिकवते आणि मोठ्या स्पर्धांच्या वेळी टीव्हीवर खेळ समजावून सांगते.

पुढच्या बुधवारी याच वेळेला शेळीपालनाच्या विम्याबद्दल बोलू. कागद कुठले लागतात ते लिहून घ्यायला वही-पेन जवळ ठेवा. नमस्कार.